नकाशावरच्या मोकळ्या जागा - सहा सेशननंतरची नोंद

मंडळी, काल आमच्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचं (प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन, बोलत आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ) सहावं सेशन झालं, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते. यावेळी ठरवलेलं की जग मी एकटीने घरी बसून बनवायचं नाही, टेबलावरच्या सगळ्यांनी मिळून बनवायचं.

सुरुवात केली ती द क्वाएट इयरने. ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी, अ‍ॅव्हरी ऑल्डरचा २०१३ चा गेम, जीएम (गेम मास्टर, म्हणजे जग आणि अडचणी सांभाळून खेळ चालवणारा) नसतोच, पत्त्यांचा एक कॅट, ५२ पत्ते म्हणजे ५२ आठवडे, आणि मधे एक कोरा कागद ज्यावर सगळ्यांनी वस्तीचा नकाशा काढत जायचा, इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपला. पहिल्यांदा प्रत्येकाने वस्तीला लागणारी एक गोष्ट सांगायची, त्यातली एकच मुबलक, बाकी सगळ्याची टंचाई. आमच्या चौघांचं आलं मीठ, लाकूड, औषधं आणि गोडं पाणी. मीठ मुबलक ठरलं. म्हणजे खाडीकाठी जिकडे बघावं तिकडे मिठागरं आणि प्यायला पाणी नाही, इथेच मला कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) दिसायला लागलं, माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं.

मग तोच नकाशा घेऊन डंजन वर्ल्ड हा फँटसी रोलप्लेइंग गेम सुरू केला, मी जीएम आणि तीन प्लेयर, त्यांची कॅरेक्टर थीफ (चोर), विझर्ड (जादूगार), रेंजर (रानावनातला वाटाड्या). या गेममध्ये जीएमला सांगितलेलंच आहे की नकाशा काढा पण जागा मोकळ्या सोडा, प्रश्न विचारा आणि आलेली उत्तरं वापरा. मी ते मनापासून घेतलं आणि दुसऱ्या सेशनला त्यातच फसले.

झालं असं, की नकाशावर एक बंद पडलेलं मिठाचं गोदाम होतं, क्वाएट इयरमध्ये कुणीतरी काढलेलं, आत काय आहे ते कुणीच ठरवलं नव्हतं. थीफने अर्धा तास घालवून, दोनदा फासे रोल करून, पहारेकऱ्याला चकवून कुलूप उघडलं, आणि मी त्यालाच विचारलं, आत काय दिसतंय तुला? तो जरा थांबला आणि म्हणाला, पाण्याचे रांजण, भरलेले. उत्तर छान होतं, त्याची काही चूक नाही. पण सगळे एकदम शांत झाले. सहा तासांच्या खेळाने तयार झालेली टंचाई एका वाक्यात संपली, आणि ज्याने एवढा जीव पणाला लावून दार उघडलं त्यालाच पलीकडचं बक्षीस स्वतःच्या हाताने ठेवावं लागलं, मग उघडण्यात मजा काय राहिली.

नंतर शोधलं तर याला नाव आहे, चेगे प्रिन्सिपल, पॉल चेगे या डिझायनरच्या नावावरून. स्वतःच्या कॅरेक्टरपुढची अडचणही आपणच ठरवायची आणि तिची सुटकाही आपणच, असं झालं की खेळ सपक होतो. वाचून पटलं, कारण ती शांतता मी टेबलावर बघितली होती.

तिसऱ्या सेशनपासून दोनच गोष्टी बदलल्या. दारासमोर जो उभा आहे त्याला दारामागचं विचारायचं नाही, शेजारच्याला विचारायचं. आणि प्रश्न उघडा नाही विचारायचा, कॅरेक्टरला जे माहीत असू शकतं तेवढंच. म्हणजे थीफ जुन्या विहिरीपाशी पोचला तेव्हा मी विझर्डकडे वळले, तू याच वस्तीतला ना, लहानपणी आज्जी या विहिरीबद्दल काय सांगायची? विझर्ड खेळणारी म्हणाली, इथे शीळ घालायची नाही, खालून कुणीतरी परत शीळ घालतं. आणि थीफने आदल्याच मिनिटाला रेंजरला शीळ घालून बोलावलं होतं!! टेबलावर जो गोंधळ झाला तो विचारूच नका. अडचण विझर्डने दिली, खाली नक्की कोण आहे ते मी ठरवलं, बाहेर कसं पडायचं ते थीफचं काम.

गंमत म्हणजे हे वाटप डंजन वर्ल्डच्या स्पाउट लोर या मूव्हमध्ये (कॅरेक्टरला एखाद्या गोष्टीबद्दल काय माहीत आहे ते फाशांवर ठरवायचा नियम) आधीपासून आहे. फाशांवर १०+ आलं तर जीएम उपयोगाची माहिती देतो, ७-९ ला नुसतीच रंजक, आणि दोन्ही वेळा ही तुला कुठून कळली असं जीएम उलट विचारू शकतो. माहिती माझी, तिच्यामागचा भूतकाळ प्लेयरचा. इतके दिवस मी तो उलटा प्रश्न विचारायचंच विसरत होते, आता विचारते, आणि त्यातूनच विझर्डचे रागावलेले गुरू कॅम्पेनमध्ये आले.

एक मात्र सांगायला हवं. रेंजर खेळणारा चौथ्या सेशननंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, मला जग बनवायचं नाहीये, मला ते सापडायला हवंय, मीच ठरवलेल्या जंगलात मी शोधू काय? हे मला शंभर टक्के मान्य आहे. अशा प्लेयरला अधिकार दिला की त्याच्यावर ओझंच टाकल्यासारखं होतं. त्याला आता मी फक्त त्याच्या माणसाबद्दल विचारते, कुणाला मागे सोडून आलास, कशाची भीती वाटते, आणि उत्तरेकडचं जंगल पूर्ण माझ्या वहीत. कालच्या सेशनला तिथे त्याला ताज्या खणलेल्या पाटाच्या खुणा सापडल्या, कुणीतरी पाणी वळवतंय, तेव्हाचा त्याचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं.

अजून एक गोष्ट सुटलेली नाही. क्वाएट इयरमध्ये कुणाला डावलल्यासारखं वाटलं तर तो कंटेम्प्ट (नाराजीचं) टोकन घेतो. आमच्याकडे शेवटी तीन उरले होते, ते मी वस्तीतल्या तीन घराण्यांच्या जुन्या रागात बदलले. त्यातलं एक घराणं थीफच्या प्लेयरने स्वतः काढलेलं, जीव लावलेलं, आणि पाणी वळवणारे तेच निघावेत असं मला फार वाटतंय. पण त्याने बनवलेली माणसं त्याला न विचारता वाईट करायची का? विचारलं तर रहस्य फुटतं. सध्या असं ठरवलंय की पुढच्या सेशनआधी त्याला एवढंच विचारायचं, या घराण्याच्या बाबतीत कुठली गोष्ट कधीच होऊ नये असं तुला वाटतं. तेवढी सोडून बाकी माझं.

तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर रविवारच्या आत सांगा, रविवारी खेळतोय.