साठ लिटर समुद्र

एप्रिलातली दुपार. जेवून आडवं व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात माशांच्या टाकीच्या झाकणाच्या कडेला पांढरी रेघ दिसली. बोट फिरवलं, जिभेला लावलं. टाकीतलं काही तोंडात घालू नये हे मलाही कळतं, पण मिठागरवाल्यांच्या घरात बोट आधी जिभेकडे जातं, अक्कल मागाहून येते. मीठच होतं. पंपाच्या धारेचे शिंतोडे काठावर उडतात, पाणी वाळतं, मीठ उरतं. ओल्या फडक्यानं पुसलं की विषय संपला.

पुसलं नाही. आगरवाड्यात आजोच्या वाफ्यांच्या कडेला हीच रेघ धरायची आणि ती दिसली की आजोचा आवाज बदलायचा. एरवी घरात कुणाशी धड न बोलणारा माणूस त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्यायेणाऱ्याला हाका मारून चहाला बोलवायचा.

त्या घरातली मी म्हापशाच्या फ्लॅटमध्ये बसून मीठ विकत आणते आणि गाळलेल्या पाण्यात ढवळून समुद्र तयार करते. कुणाला सांगायची सोय नाही. ‘अगो, समुद्र स्कूटरवरून आणता येतो,’ असं प्रत्येक जण म्हणतो. येतो ना. पण कुठला? मे महिन्यात किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात आणि जूननंतर नद्या इतकं गोडं पाणी आणून ओततात की मुखापाशी समुद्र आपली चवच विसरतो. म्हणून दुकानातल्या मुलानं परदेशी मिठाचं पाकीट पुढे केलं. साठ लिटरच्या टाकीला दोन किलोच्या वर मीठ लागतं, शिवाय दर वेळी पाणी बदलताना पुन्हा. किंमत ऐकून मला १८७८चा तो करार आठवला, ज्यानं पोर्तुगिजांनी इथल्या मिठागरांचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. आपल्या दारच्या मिठासाठी परक्याचं तोंड बघायची गोंयकाराला सवय आहे, एवढंच मनात म्हटलं आणि पैसे मोजले.

गावचं मीठ का नको, हा आईचा प्रश्न. आई पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं मीठ अजून गावातूनच घेते, थोडं घरात, बरंचसं माडांच्या मुळांत. माडाला चालतं ते माशाला का चालू नये? मग मला रसायनशास्त्र काढावं लागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यातले शंभरात ८५ भाग आपलं जेवणातलं मीठ, उरलेल्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी मंडळी. वाफ्यातलं पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आलं की मिठाचे खडे धरतात. कॅल्शियम बरंचसं त्याआधीच तळाला बसलेलं असतं, आणि खडे ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी मागे राहतं त्यात मॅग्नेशियम. आजो ते पाणी सोडून द्यायचा. त्यानं सोडून दिलेलंच मी आता पाकिटातून विकत घेते.

आईनं सगळं नीट ऐकलं. म्हणाली, “मगे त्या कडू पाण्याची एक बाटली हाडूया.”

त्या मिठागरात माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. मोसमाच्या सुरुवातीला वाफ्यांचा चिखल पायांनी तुडवून तळ घट्ट करायचा असायचा, तेव्हा शाळा सुटल्यावर आम्हा पोरांनाही त्यात उतरवायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा, मोठ्यांना फुकटची पावलं मिळायची. शापोरा नदीला भरती आली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, पाणी आत घ्यायचं, मग ते एका वाफ्यातून पुढच्यात, पुढच्यातून त्याच्या पुढच्यात. प्रत्येक वाफ्यात पाणी जड होत जायचं. पायाला कुठे खरचटलेलं असलं की शेवटच्या वाफ्यात उतरताच कळायचं. दुपारच्या उन्हात पाण्यावर मिठाची पातळ साय धरायची. तिच्यावर फुंकर मारली की ती तुकडे होऊन बुडायची, आणि आजो लांबून ओरडायचा. इतक्या लांबून त्याला फुंकर कशी दिसायची देव जाणे. आम्ही पुन्हा मारायचो. संध्याकाळी फळीनं मीठ ओढून बांधावर ढीग लावायचे, वर माडाची चुडतं घालायची. आणि मे महिना अर्धा सरला की सगळ्यांच्या माना वर. एका सरीनं खेळ आटपायचा, त्यामुळे घरात पावसाचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम होता. शाळेत पावसाची कविता पाठ करायला दिली, तर ती मी न्हाणीत जाऊन म्हणायचे.

आजोचा जन्म पाणी घालवण्यात गेला. माझा दिवस गेलेलं पाणी भरण्यात जातो. काचेवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे, पाणी तिच्याखाली उतरलं की गोड्या पाण्याची भर घालायची. गोड्याचीच, कारण उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. म्हणूनच लहान टाकी नवशिक्याला सोपी ही समजूत मला पटत नाही. मोठ्या टाकीतून तांब्याभर पाणी उडालं तर मासा दखलही घेत नाही. माझ्या टाकीत तेवढ्यानं समुद्राची चव बदलते. मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि निळा रंग संपून पांढरा कुठे सुरू होतो ते वाचायचं. आजो हे काम दोन बोटांत पाणी चोळून करायचा.

पहिले कितीतरी आठवडे टाकीत मासा नव्हताच. दगड, वाळू, पाणी आणि दिवा. दगडही कारखान्यातले. प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला, तेव्हा समुद्रातून उचलून आणायची बातच नको. माशांच्या आधी जिवाणू वसवावे लागतात. काहीतरी कुजायला हवं, त्याचा अमोनिया व्हायला हवा, एका जातीच्या जिवाणूंनी त्याचं नायट्राइट करायला हवं, दुसऱ्यांनी नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं थोडंफार सोसवतं. तर कुजायला म्हणून मी टाकीत एक सुंगट, म्हणजे कोळंबी, टाकलं.

नेमकी त्याच दिवशी आई आली. टाकीसमोर उभी राहिली. “ह्यात नुस्तां खंय आसा?”

“अजून नाही. आधी हे सुंगट कुजवायचंय.”

आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी तिची बांगडी हरवली तेव्हाही पाहिलं नव्हतं. चांगलं, ताजं, सालासकट सुंगट, हुमणात न पडता मुद्दाम कुजवायचं! सकाळी मासळी बाजारात त्याचा भाव काय होता ते तिनं मला दोनदा सांगितलं. पुढे दगडांवर तपकिरी शेवाळाचा थर चढला, तेव्हा ती फोनवर नुसतं “बरां जालां” म्हणाली.

माझेही काही हट्ट आहेत. टाकीत कवटी नको, खजिन्याची पेटी नको, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या तर मुळीच नको. समुद्रफूल (सी ॲनिमोन) घ्या म्हणून दुकानदार मागे लागला होता. त्याला मुरलेली टाकी आणि कडक उजेड लागतो, तेही नको. शेवटी आली ती क्लाऊनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. शेजारची मुलं त्यांना एकाच नावानं हाका मारतात. ते नाव मी घरात उच्चारत नाही.

नाजूक नाहीत ती, पण समुद्र एकसारखा लागतो त्यांना. सोमवारी जेवढा खारट, तेवढाच रविवारी. आमच्या मानशीतल्या काळुंदर माशाला असले लाड ठाऊक नाहीत. उन्हाळ्यात खारं, पावसात जवळजवळ गोडं, दिवसातून दोनदा भरती-सुकती, आणि तो आपला मजेत. गोव्यातलं पाणी कधी एका चवीचं राहतच नाही. मी मात्र पावसाळ्यात लाईट गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप शोधत अंधारात धडपडते, एकाच चवीचं पाणी राखण्यासाठी. कधीकधी वाटतं, सरळ काळुंदरच पाळावा. पण काळुंदर समोर फिरताना पाहून मला रव्याची आणि तव्याची आठवण होणार नाही, याची खात्री कोण देणार?

गेल्या रविवारी आई पुन्हा आली. या वेळी खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. दोघांत मोठी कोण, तिनं विचारलं. मी म्हटलं, मोठी ती बायको. ही सगळी जन्मतात नर म्हणूनच, त्यातला सगळ्यांत वरचढ असतो तो मादी होतो.

“आणि ती मेली तर?”

“तर हा नवरा मादी होतो. तिची जागा घेतो.”

मला वाटलं, हसेल. बाबा गेल्यापासून कुळांच्या संघटनेच्या बैठकीला आईच जाते. बांध फुटला की माणसं तीच गोळा करते, नारळ पाडणाऱ्या पाडेलीशी हिशेब तीच घालते, आणि मानशीचं लाकूड कुजलं की नाही हे वाकून बघायला तीच उतरते. आधी यातलं एकही काम तिनं केलेलं नव्हतं.

“मगे,” ती म्हणाली, “कोणीतरी करूक नको?”

आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून विचारलं, आमसोलं कुठल्या डब्यात ठेवली आहेत.