गणिताची प्रयोगशाळा किती चौरस फुटांची?

आमच्या कॉलेजच्या गणित विभागाला पीएच.डी.चं संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळाली, त्याला वर्ष उलटून गेलं. पेढे वाटून झाले. संस्थेने विभागाच्या दारावर नवी पाटी लावली, तिच्यावर ‘संशोधन’मधला अनुस्वार रंगाऱ्याने गाळला, तोही नंतर घालून झाला. तरी मान्यतेच्या अर्जातला ‘रकाना क्रमांक 14’ म्हटलं की माझं डोकं अजून तापतं. दोन-तीन कॉलेजांतल्या विभागप्रमुखांनी ‘मॅडम, कसं केलंत ते जरा सांगा’ म्हणून फोन केले. प्रत्येकाला तासभर तेच रडगाणं ऐकवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

कॉलेज तालुक्याच्या गावी. बी.एस्सी. जुनं आणि अनुदानित, एम.एस्सी. गणित 2014 पासून विनाअनुदानित. बृहत आराखडा, प्रस्ताव, शासनाची परवानगी हे सगळं तेव्हा बिनबोभाट पार पडलं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या तुकडीत नऊ जण होते. त्यातले बहुतेक बी.एड.ला नंबर लागेपर्यंत कुठेतरी नाव असावं म्हणून आलेले. विभाग खरा हलला तो आमच्या दोन मुली एमटीटीएस या गणिताच्या प्रशिक्षण उपक्रमाच्या उन्हाळी शिबिराला जाऊन आल्यावर. प्रा. एस. कुमरेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. तिथे सिद्धता फळ्यावर उतरवून देत नाहीत, मुलांकडून काढून घेतात. त्या दोघी परत आल्या आणि भर वर्गात ‘मॅडम, ही अट काढली तर काय बिघडेल?’ असं विचारू लागल्या. मला घरी जाऊन पुन्हा अभ्यास करावा लागला. तुमच्याकडे एम.एस्सी. असेल तर केंद्राबिंद्राच्या आधी मुलांना तिथे पाठवा.

दर शनिवारी चारला फळ्यापाशी जमून गणित करायची आमची बैठक त्यानंतर सुरू झाली, ती आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे. त्यांना मी इथे नुसतं ‘सर’ म्हणते, कारण बी.एस्सी.ला मी त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांचा विषय कॉम्बिनेटोरियल डिझाइन्स, म्हणजे ठरावीक नियमांनी केलेल्या मांडण्या, माझा ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी; दोन्ही शेजारशेजारची घरं. एम.एस्सी. होऊन सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेली एक मुलगी दर शनिवारी वीस किलोमीटरवरून एसटीने यायची. तिला पीएच.डी. करायची होती, तीही सरांकडेच. तिच्यासाठी म्हणून आम्ही 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा प्रस्ताव टाकला.

घाई कशाची होती तेही सांगते. यूजीसीचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये बदलले. त्यांत असं आहे की ज्या शिक्षकाची निवृत्ती तीन वर्षांच्या आत आली आहे, त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. सर 31 मे 2027 ला निवृत्त होणार. म्हणजे त्या मुलीची नोंदणी 31 मे 2024 च्या आत व्हायला हवी होती. हातात नऊ महिने होते. मला वाटलं, भरपूर झाले.

आता रकाना 14. ‘प्रयोगशाळा : क्षेत्रफळ (चौ. फूट), उपकरणांची यादी, किंमत, डेडस्टॉक नोंदवही पान क्रमांक.’ डेडस्टॉक म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाची नोंद. पोर्टलवर त्याच्यापुढे लाल चांदणी. रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना. शून्य टाकलं तर ‘योग्य संख्या भरा’. ‘लागू नाही’ लिहायला गेले तर तिथे अक्षरंच उमटत नव्हती. शेवटच्या तारखेच्या रात्री साडेअकराला मी वैतागून 1 टाकला. अर्ज गेला.

ऑक्टोबरमध्ये त्रुटिपत्र आलं. ‘प्रयोगशाळेचे क्षेत्रफळ (1 चौ. फूट) निकषापेक्षा कमी आढळते. सबब प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत करण्यात येत आहे.’ सरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘‘निकषापेक्षा कमी म्हणताहेत, म्हणजे मोजून बघितलेलं दिसतंय.’’

मी छापील प्रतीवर ‘लागू नाही’ लिहून विद्यापीठात गेले. टेबलावरच्या बाई तुसड्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, ‘‘मॅडम, मला कळतंय हो. पण केमिस्ट्रीवाल्यांनी भरलंय, फिजिक्सवाल्यांनी भरलंय, बॉटनीने तर फोटो जोडलेत. तुम्हीच तेवढ्या का भरत नाही?’’ मी विचारलं, मराठी विभाग काय भरतो? तर त्यांचा नमुना वेगळा, ते मानव्यविद्येत. आम्ही विज्ञान शाखेत, म्हणून आम्हाला विज्ञानाचाच नमुना. त्याचं मूळ मी नंतर शोधलं. यूजीसीच्या 2016 च्या नियमांत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठी खास प्रयोगशाळा, अद्ययावत उपकरणं, अखंड वीज आणि पाणी असं एकाच दमात लिहिलं होतं. नियम बदलले, नमुना तोच राहिला. गणित ‘विज्ञानात’ मोडतं एवढ्यावरून आम्हाला पाण्याचा नळही दाखवणं भाग होतं.

डिसेंबरात पुन्हा परत. या वेळी कुणीतरी सुचवलं म्हणून मी ‘निरंक’ लिहिलं होतं, ते जास्तच महागात पडलं. सरकारी मराठीत ‘लागू नाही’ म्हणजे प्रश्नच गैरलागू, पण ‘निरंक’ म्हणजे प्रश्न बरोबर आहे आणि तुमच्याकडे ती गोष्ट नाही. म्हणजे मी स्वतःच्या सहीनिशी कबूल केलं होतं की प्रयोगशाळा हवी, पण आमच्याकडे नाही. हा फरक लक्षात ठेवा.

तिसऱ्या वेळी मी जरा जास्तच लिहिलं. दोन पानी पत्र. त्यात गणितज्ञ शरच्चंद्र श्रीखंडे यांचा दाखला दिला. ऑयलरने 1782 मध्ये लॅटिन चौरसांबद्दल (प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येईल अशा मांडण्या) मांडलेला अंदाज 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी मोडीत काढला. हे श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकवत होते आणि पुढे त्यांनीच मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचं प्रमुखपद सांभाळून तो नावारूपाला आणला. त्यांच्या प्रयोगशाळेचं क्षेत्रफळ विद्यापीठाने कधी विचारलं होतं का, असा शेवटी प्रश्न. फार छान पत्र होतं. आठवड्याने फोन आला, ‘‘मॅडम, हे श्रीखंडे सर आपल्या विद्यापीठाचे आहेत का? त्यांचं मान्यतापत्र जोडलेलं नाही.’’

तोवर जानेवारी संपत आला होता.

मी सरांना म्हटलं, कॉम्प्युटर रूमलाच ‘गणित प्रयोगशाळा’ म्हणू या. एफ.वाय.ची मॅक्सिमा या गणिताच्या सॉफ्टवेअरची प्रॅक्टिकल्स तिथेच होतात, म्हणजे अगदीच खोटं नाही. सरांना ते पटेना. ‘‘अगं, आज हे लिहिलंस की उद्या ते यंत्रसामग्री मागतील. जे नाही ते नाही म्हणावं.’’ मी त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हटलं, सर, मे महिना माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी येतोय. ते गप्प बसले. मग मी शिपायाला घेऊन खोली टेपने मोजली. बावीस बाय एकोणतीस, 638 चौरस फूट. उपकरणांत बारा संगणक, एक प्रिंटर आणि डेडस्टॉकच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या नोंदवहीत सापडलेली एक ओळ : ‘फळा, लाकडी, 8 × 4 फूट, नग 1’. सरांनी यादी बघितली आणि एवढंच म्हणाले, ‘‘गुणाकार तरी बरोबर केलास.’’

प्रस्ताव स्वीकारला गेला! पाच महिने अडलेली फाइल 638 या आकड्यावर सुटली. हा आकडा ऑगस्टमध्येच टाकला असता तर जानेवारीच्या आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत, मुलीचं नाव आलं असतं, याचा हिशेब मी अजून रात्री करते.

हे आधी सांगायला हवं होतं : प्रत्येक पत्राचा आवक क्रमांक आपल्या स्थळप्रतीवर शिक्क्यासकट घ्या. माझं एक पत्र ‘आलंच नाही’ होतं, ते या शिक्क्यामुळे सापडलं. आणि मार्गदर्शक मान्यता प्रस्तावाच्या आधी मिळवून ठेवा. त्या अर्जात ‘प्रथम लेखक कोण’ असा रकाना असतो. गणितात नावं आडनावांच्या वर्णक्रमाने येतात, पहिला-दुसरा असा मान नसतो. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं याबद्दलचं 2004 चं निवेदन आहे, त्याची प्रत जोडा. माझं आडनाव ‘एस’वरून, त्यामुळे मी आयुष्यभर शेवटची लेखक आहे.

समिती मार्चच्या शेवटी आली. अध्यक्ष रसायनशास्त्राचे, स्वभावाने भले गृहस्थ. ग्रंथालयात त्यांनी डेटाबेस विचारले. आम्ही झेडबीमॅथ हा गणितातल्या शोधनिबंधांचा ऑनलाइन डेटाबेस दाखवला, 2021 पासून ते सगळ्यांना फुकट आहे, तुम्हीही यादीत घाला. मग पाण्याचा मुद्दा आला. व्हरांड्यातला फिल्टर दाखवला. त्यांनी ग्लासभर पाणी प्यायलं आणि रकान्यात टिकमार्क केला. जाताना त्या लाकडी फळ्यापाशी थांबले. त्यावर शनिवारचं अर्धवट राहिलेलं गणित तसंच होतं, कोपऱ्यात सरांच्या अक्षरात ‘पुसू नये’. ‘‘प्रयोग चालू आहे वाटतं,’’ ते म्हणाले. सर पहिल्यांदा हसले.

मग अहवाल, त्यावर विद्वत परिषद, मध्ये निवडणुकीची आचारसंहिता. मान्यतेचं पत्र निघालं 12 जुलै 2024 ला. सरांची मुदत टळून सहा आठवडे झाले होते. मी जाऊन भेटले, बोलले, अर्ज दिला. नियम नियमच होता आणि या नियमात वाईट काही नाही, हेही मला कळतं.

मुलगी माझ्याकडे नोंदली गेली. सहयोगी प्राध्यापकाला सहा विद्यार्थी घेता येतात, जागांचा प्रश्न नव्हता. कागदावर मार्गदर्शक मी. शनिवारी चारला ती अजून त्याच एसटीने येते, सर खडू घेऊन उभे राहतात आणि मी तिच्या शेजारच्या बाकावर वही उघडून बसते. परवा त्यांनी दोघींनाही एकदमच फळ्यावर उभं केलं.

केंद्राचा पहिला वार्षिक अहवाल मी गेल्या महिन्यात भरला. त्यात नवा रकाना आहे, ‘उपकरणांच्या देखभालीवरील खर्च’, पुढे तीच लाल चांदणी. मी लिहिलं, खडू आणि डस्टर, रुपये 1,140, पावती सोबत जोडली आहे. अजून तरी परत आलेला नाही.