तुम्ही विचारलंत म्हणून: मालोजीराजे आणि धनाचा हंडा

रंगपंचमी जवळ आली की मला हमखास विचारतात, जिजाऊ आणि शहाजीराजांचं लग्न खरंच रंग खेळताना ठरलं का हो?

कथा अशी. जिजाऊंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधवराव, यांच्या वाड्यात पोरं रंग खेळत होती. लखुजी सहज बोलून गेले, जोडा शोभतो. शहाजींचे वडील मालोजी भोसले तिथल्या तिथे उठले आणि म्हणाले, ऐकलंत ना सगळ्यांनी, आम्ही व्याही झालो! जाधवांच्या घरात ते मानवलं नाही. मालोजी वेरूळला परतले, भवानीच्या कृपेनं शेतात धनाचा हंडा सापडला, मग मनसब, मग लग्न.

आजीनं मलाही हेच सांगितलं होतं. पण ही गोष्ट बखरींतली. शिवरायांच्या हयातीत परमानंदांनी रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात रंगपंचमी नाही नि हंडाही नाही. मला जास्त सलतं ते हे, की त्या हंड्यापायी मालोजींचं सगळं कर्तृत्व दैवाच्या खात्यावर जमा होतं.

सिंदखेडच्या आधी फलटण आहे, ते कुणी विचारतच नाही. मालोजींच्या पत्नी उमाबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक. स्वतःची फौज बाळगणारं ते जुनं घराणं. वेरूळच्या पाटलांच्या पोराला तिथली मुलगी मिळाली, तिथेच भोसल्यांचं पाऊल पुढे पडलं. पुढे १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही मोडकळीला आली. अशा वेळी ज्याच्या पदरी घोडे आणि भरवशाची माणसं, त्याला दरबारात भाव. मालोजी त्या भावानं वर आले. शिखर शिंगणापूरला भाविकांचे पाण्यावाचून हाल होत, तिथे त्यांनी तळं बांधलं. इंदापूरच्या लढाईत ते पडले, तेव्हा मुलं लहान होती. भाऊ विठोजींनी घर सावरलं.

आणि सोयरीक झाली म्हणून तलवारी म्यान झाल्या नाहीत. १६२४ला भातवडीत शहाजीराजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूनं लढले, सासरे लखुजी समोरच्या फौजेत. शहाजींचे सख्खे भाऊ शरीफजी त्याच रणात गेले. १६२९ला निजामशहानं दौलताबादेत लखुजींना मुलांसकट मारलं. त्या पाच वर्षांत जिजाऊंनी दीर गमावला, वडील आणि भाऊ गमावले. रंगपंचमीच्या गोष्टीत हे कुठेच येत नाही.

१६४० साली शिवरायांचं लग्न झालं, तेव्हा सून आली ती पुन्हा फलटणच्याच निंबाळकरांची, सईबाई.