जावयांचा मूळ पुरुष आणि पटवाऱ्याची साखळी

आमचे जावई, म्हणजे धाकट्या भावाचे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे. पुतणी तिकडे शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. माणूस सालस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. नाद एकच, घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा. घरात चालत आलेली गोष्ट अशी की 1750 च्या आगेमागे योहानेस नावाचा कोणी जर्मनीहून जहाजानं आला, फिलाडेल्फियाला उतरला आणि आत बर्क्स काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, शेती करून राहिला. तो मुलूख तेव्हा इंग्रजांचाच होता, जसे आपण पुढे झालो. आडनाव इथं लिहीत नाही, तिकडे ते पैशाला पासरी आहे. हीच तर सगळी अडचण. त्या काळातल्या उतारूंच्या याद्यांमध्ये त्या नावा-आडनावाचे चार जण निघाले आणि जावई तिथंच अडकून पडले.

पुतणी फोनवर म्हणाली, "मोठेबाबा, तुमी जिंदगीभर लोकायचे पणजोबा शोधून देल्ले, आता यायचाही पाहा ना!"

खरं आहे ते. मी दारव्हा तालुक्यात पटवारी होतो. सरकारी कागदावर तलाठी, पण आमच्या भागात पटवारीच म्हणतात. जून लागला की जातीच्या दाखल्यासाठी पोरं आणि त्यांचे बाप दारात उभे. ओबीसी असेल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जातीचा असेल तर 1950 च्या आधीचा. मग तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधलं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही, काढा, त्यात "महादू यास मुलगी झाली" एवढीच ओळ, आणि गावात महादू पाच. कोणता महादू ह्या पोराचा पणजोबा, ते नावावरून ठरत नाही. ते शेतावरून ठरतं. त्या महादूच्या नावे कोणतं शेत होतं, फेरफार कोणाच्या नावे झाला, धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, कोण होतं. धुरेकरी सहसा बदलत नाही. भांडतो, कोर्टात जातो, पण तिथंच असतो.

म्हणून मी जावयांना पहिलं हेच विचारलं, जहाजं राहू द्या, जमिनीचे कागद आहेत का?

आहेत! आणि काय कागद आहेत. पेनसिल्व्हेनिया ही पेन घराण्याची सनदी जहागीर. जमीन हवी असलेल्यानं आधी अर्ज करायचा, मग मोजणीचा हुकूम निघायचा, त्याला ते वॉरंट म्हणतात. मग प्रत्यक्ष मोजणी, मग मोजणीचा अहवाल जमीन कचेरीत परत, आणि सगळे पैसे भरले की शेवटी पेटंट, म्हणजे मालकीचा पक्का कागद. पुष्कळांनी पेटंट घेतलंच नाही. वॉरंटवरच दोन-दोन पिढ्या कसलं, विकलं, वाटून घेतलं. हे वाचून मला आपलेच लोक आठवले, जे वारसफेर न करता आजोबाच्या नावानं सातबारा चालवतात आणि कर्जमाफी आली की धावत सुटतात. तिकडची राजधानी हॅरिसबर्ग, तिथल्या राज्य अभिलेखागारानं वॉरंटच्या वह्या आणि मोजणीचे नकाशे घरबसल्या फुकट पाहायला ठेवले आहेत. जावयांनी ते मला पाठवले आणि मी ओसरीवर चष्मा लावून बसलो.

नकाशावर आकडे होते पर्चमध्ये. जावयांना पर्च म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, फक्त जुनं माप एवढंच. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. आता पाहा, आपला गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट. आमची मोजणीची जुनी शंकुसाखळी 33 फुटांची. 33 चं निम्मं साडेसोळा. म्हणजे चार चौरस पर्च बरोबर एक गुंठा, 160 चौरस पर्चचा एक एकर, आपल्या 40 गुंठ्यांचाही एकच एकर. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रजानं 1620 मध्ये 66 फुटांची साखळी काढली, तीही बरोबर चार पर्चची, म्हणजे आमच्या दोन साखळ्यांची. वऱ्हाडाची मोजणी मुंबईच्या पद्धतीनं झाली, आणि तिच्या शंभर वर्षं आधी त्याच हिशेबानं पेनसिल्व्हेनियाचं रान मोजलं जात होतं. मी जावयांच्या पूर्वजाचं शेत सरळ गुंठ्यात काढून दिलं. ते खूष. त्याहून मी खूष.

आणखी एक गंमत, तिथं मोजणीत रस्त्यांसाठी शेकडा 6 जास्त जमीन धरून देत. कागदावर दीडशे एकर, तर जागेवर एकशे एकोणसाठ. आमच्याकडं अशी सढळ मोजणी झाली असती तर निम्मे धुऱ्याचे खटले झालेच नसते. कोपऱ्याच्या खुणा मात्र झाडांच्या: इथं पांढरा ओक, तिथं काळा ओक. झाड पडलं की वाद उभा. म्हणून आम्ही दगड गाडतो.

पण कामाची गोष्ट वेगळीच होती. नकाशाच्या चारी बाजूंना शेजाऱ्यांची नावं लिहिलेली. आपली चतुःसीमाच! मी जावयांना म्हटलं, आता तुमच्या माणसाला विसरा आणि हे धुरेकरी धरा.

त्यांनी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढल्या. बाळाबरोबर साक्षीदार म्हणून धर्मपिता-धर्ममाता उभे राहतात, त्यांची नावं पुस्तकात येतात, आणि माणूस तिथं सोयऱ्याला नाहीतर शेजाऱ्यालाच उभं करतो. योहानेसच्या दोन पोरांचे धर्मपिता म्हणजे नकाशावरचे पूर्वेचे आणि दक्षिणेचे धुरेकरी. मग तीच दोन नावं घेऊन उतारूंच्या याद्यांकडे. हे लोक एकेकटे येत नसत, एका गावचे, एका भावकीचे मिळून निघत. ऱ्हाईन नदीनं रॉटरडॅम, तिथून इंग्लंडच्या काउस बंदरावर थांबा, मग अटलांटिक. चारपैकी तीन याद्यांत धुरेकऱ्यांचा पत्ता नव्हता. चौथीत दोघंही, आणि त्यातला एक तर आमच्या योहानेसच्या लगेच खालच्या ओळीत.

ह्या याद्या का झाल्या तेही पाहण्यासारखं आहे. जर्मन लोक फार येऊ लागले म्हणून 1727 पासून वसाहतीच्या सरकारनं उतरणाऱ्या पुरुषांकडून इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला सुरुवात केली. कोणाच्या वंशावळीची त्यांना पडलेली नव्हती. म्हणून 16 वर्षांवरचे पुरुष तेवढे सहीला उभे केले, बायका-पोरं बहुतेक यादीबाहेर. ज्याला लिहिता येत नाही तो खूण करी आणि कारकून बाजूला नाव लिही, ऐकू येईल तसं. ह्या सह्यांच्या प्रतिमा 1934 मध्ये छापल्या गेल्या. आमच्या योहानेसनं स्वतः सही केली होती, जर्मन वळणाची, आडनावाच्या शेवटी लांब शेपूट. म्हातारपणीच्या मृत्युपत्रावर हात थरथरलेला दिसतो, पण शेपूट तेच. सह्या आणि अंगठे ताडून पाहण्यात माझे केस पांढरे झालेत. एवढ्यावर मी फेरफार मंजूर केला असता.

तारखांचं मात्र सांभाळावं लागतं. इंग्रजांनी 1752 मध्ये पंचांग बदललं. 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 14 सप्टेंबर आली, आणि त्याआधी त्यांचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. जावयांना हे विचित्र वाटलं. मला नाही, आमचं महसुली वर्ष 1 ऑगस्टलाच लागतं. काउंटीचंही तसंच: बर्क्स झाली 1752 मध्ये, त्याआधीचे कागद फिलाडेल्फिया, लँकेस्टर नाहीतर चेस्टरच्या दप्तरात. पुसदकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. 1905 च्या आधी पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावच तेव्हा वणी जिल्हा होतं.

एका गोष्टीवरून तिकडे जरा वाजलं. जावयांच्या आत्याबाईंच्या मते मूळ पुरुष मोठ्या सरदाराचा मुलगा, घरच्या भांडणातून निघालेला. मला वाटतं, उतरल्यावर तो काही वर्षं कोणाच्या तरी शेतावर राबला. ज्यांच्याकडे भाडं नसे त्यांना जहाजावरूनच करारानं कामाला लावत, भाडं भरणारा तो धनी, मुदत साधारण तीन ते सहा वर्षं. जहाज आणि वॉरंट यांच्यातलं अंतर तसंच पडतं. पुरावा नाही हा, अंदाज आहे, मी तसंच सांगितलं. आत्याबाई रागावल्या. आपल्याकडेही गावात उपऱ्या आलेल्या प्रत्येक घराण्यानं मागं एक वाडा आणि चार घोडे सोडलेलेच असतात. सालदार म्हणून आलो असं सांगणारं एकही घर मी नोकरीत पाहिलं नाही.

आता राहिलं जर्मनीतलं गाव. हे लोक निघत त्या ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट मुलखात पुष्कळ लोक जमीनदाराचे बांधील. गाव सोडायचं तर सुटकेची रक्कम भरायची, आणि जिथं पैसा भरला तिथं कारकुनानं नोंद केलीच. जे रात्रीतून पळाले त्यांची नोंद कुठून मिळणार. जावई जुनी जर्मन लिपी शिकताहेत. मी मोडी लावायला शिकलो तसंच, आधी आकडे, मग महिने, मग नावं. त्यांचा हट्ट आहे की आडनाव घेऊन पॅलाटिनेटची सगळी चर्चपुस्तकं चाळायची. मी म्हणतो, त्या पूर्वेच्या धुरेकऱ्याचं गाव त्याच्या वंशजांनी आधीच शोधून ठेवलंय, पहिलं पुस्तक तिथलं उघडा. पुतणी माझ्या बाजूनं आहे.