तरुण पॉइंटर आणि पळपुटा फेझंट

आज आमच्या तरुण पॉइंटर (वास लागताच थबकून पक्ष्याची जागा दाखवणाऱ्या शिकारी जातीच्या) कुत्रीला घेऊन फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या रानपक्ष्याच्या शिकारीला गेलो होतो, आणि वासाचे ज्ञान तिला उपजत असले तरी संयम तिला रानातच शिकावा लागणार, हे दिवसभर दिसत राहिले. फेझंट हा मोठा लबाड पक्षी आहे. उडण्याआधी तो गवतातून पायांनीच लांब पळतो, त्यामुळे कुत्रीने वासावर थबकून पाय उचलावा आणि आपण पोहोचेपर्यंत पक्षी कधीच पुढे निसटलेला असावा, असे वारंवार घडते. अनुभवी कुत्रा अशा वेळी वाऱ्याचा रोख धरून सावकाश पुन्हा माग काढतो. आमची मात्र सरळ धावत सुटे आणि पक्षी बंदुकीच्या टप्प्याबाहेरच उडवून देई. दुपारनंतर, दाट गवत संपून मोकळी जमीन लागते त्या कडेला, पुढे आडोसाच न उरल्याने एक पक्षी दबून बसला आणि ती एकदाची स्थिर उभी राहिली. उडाली ती फिकट तपकिरी मादी, आणि नियमाने फक्त नरच मारता येत असल्याने मी बंदूक खाली घेतली. (कुत्रीला हा नियम कोण समजावणार?) तरीही ती पक्ष्यामागे धावली नाही, म्हणून तिचे भरपूर कौतुक केले. पुढच्या वेळी तिला लांब दोरी बांधूनच सोडणार आहे.