पूर्ण रेंज असूनही नेट का चालत नव्हते

११ सप्टेंबर २०२४ या दिवशी गौरीपूजन होते आणि ऑगस्ट महिन्याचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरण, भरण्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती. मी देवरुखजवळच्या एका वाडीत राहते आणि संगमेश्वर तालुक्यातील लहान व्यापाऱ्यांची करविवरणे भरण्याचे काम घरूनच करते. बाजारपेठेत केबलचे इंटरनेट आहे, पण ती केबल आमच्या वाडीपर्यंत आलेली नाही. त्यामुळे फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलच्या डेटावर काम उरकायचे, असेच माझे वर्षानुवर्षे चालले आहे. त्या संध्याकाळी सात वाजता चार व्यापाऱ्यांची विवरणे तयार होती, ती फक्त दाखल करायची राहिली होती. फोनवर रेंज पूर्ण होती. तरीही पान उघडायला पाच-पाच मिनिटे लागत होती, ओटीपी येईपर्यंत पोर्टल मला बाहेर काढत होते आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळे करावे लागत होते. मध्यरात्रीपर्यंत दोनच विवरणे दाखल झाली.

राहिलेल्या दोघांपैकी एक जण बांधकाम साहित्याचे घाऊक व्यापारी आहेत. मुदतीनंतर दाखल झालेल्या विवरणातील बिले १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीदाराला मिळणाऱ्या बिलांच्या यादीत, दिसत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडून माल घेणाऱ्या प्रत्येकाची खरेदीवर भरलेल्या कराची वजावट एक महिना पुढे जाते. दुसऱ्या दिवशी ते फोनवर एवढेच म्हणाले, "ताई, विलंब शुल्काचं काही नाही हो, पण गिऱ्हाईक मला विचारतं." पंधरा वर्षे ज्यांचे काम एकदाही चुकले नव्हते, त्यांच्याकडून हे ऐकताना मला फार वाईट वाटले. या प्रकरणाचा छडा लावायचाच, असे मी त्या दिवशी ठरवले.

सुरुवातीला माझा संशय पोर्टलवरच होता, कारण शेवटच्या दिवशी तिथे गर्दी असतेच. दुसरे कारण सगळ्यांच्याच तोंडी होते: गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, वाडीतली बंद घरे उघडतात आणि एका घरात दोन फोन होते तिथे दहा होतात. हे खरेच आहे. परंतु अनंत चतुर्दशी झाली, चाकरमानी परतले, तरी संध्याकाळचे हाल तसेच राहिले. तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा मोजून पाहावे, असा विचार करून मी २३ सप्टेंबरपासून चौदा दिवस नोंदी ठेवल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, नेटचा वेग मोजणारे मायस्पीड नावाचे ॲप आहे. त्यावर पहाटे साडेचार, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री नऊ आणि अकरा अशा ठरलेल्या वेळी चाचणी घ्यायची आणि आकडे वहीत उतरवायचे. त्याच वेळी फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते (आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), तीही मी लिहून ठेवत असे.

त्या वहीचे एक पान अजूनही माझ्यासमोर आहे. पहाटे साडेचारला उणे ८४ डीबीएम आणि वेग २४ एमबीपीएस. रात्री नऊला तेच खळे (घरापुढचे अंगण), तोच फोन, सिग्नल पुन्हा उणे ८४, आणि वेग ०.७. पहाटे सर्व्हरकडून उत्तर यायला ६० मिलिसेकंद लागत होते, तर रात्री ८०० च्या आसपास. या दोन ओळी शेजारी शेजारी पाहिल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आले की आपण इतकी वर्षे रेंज आणि वेग यांना एकच समजत होतो. रेंजच्या काड्या फोनला टॉवर किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात. त्या टॉवरकडे आपल्याला देण्यासाठी काही शिल्लक आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.

८ ऑक्टोबरला मी १९८ या तक्रार क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी अदबीने बोलत होती, पण तिच्यापुढे ठरलेली प्रश्नावली होती: फोन बंद करून चालू करा, सिम काढून पुन्हा घाला, एपीएन (फोनमधली नेट जोडणीची सेटिंग) तपासा. माझ्याकडे चौदा दिवसांचे आकडे आहेत असे सांगितल्यावर, ते लिहून घ्यायला आपल्याकडे जागाच नाही, असे ती म्हणाली. तक्रार क्रमांक मिळाला आणि १० तारखेला, कोणीही न येता, तक्रार सोडवल्याचा संदेशही आला. त्या संदेशाने मला संताप आला, हे मी लपवत नाही. परंतु पुढे त्याचाच उपयोग झाला. काही दिवसांनी मी पुन्हा तक्रार नोंदवली आणि या वेळी वाडीतल्या नऊ घरांनाही आपापल्या नंबरवरून तक्रार करायला सांगितले. प्रत्येकाचा तक्रार क्रमांक आणि तारीख मी वहीत टिपली. शेजारच्या काकांना वाटले होते की एकाने केली म्हणजे झाले, पण कंपनीच्या हिशेबात एका नंबरची तक्रार ही एका ग्राहकाची अडचण असते आणि दहा नंबरांच्या तक्रारी म्हणजे त्या भागातला दोष असतो.

याच दरम्यान माझ्या हातून सर्वांत महत्त्वाचे काम घडले, आणि त्याचे श्रेय वाडीतल्या दोन कॉलेजच्या मुलांचे आहे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या पोर्टलवर आपल्या जवळचे टॉवर आणि त्यांवर कोणत्या कंपन्यांची उपकरणे आहेत ते पाहता येते. आमचा टॉवर वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे. त्यावरील अँटेना तीन दिशांना तोंड करून आहेत आणि प्रत्येक दिशेचा भाग वेगळा सांभाळला जातो. एका रात्री बरोबर नऊ वाजता एक मुलगा बाजारपेठेच्या बाजूला, दुसरा पलीकडच्या वाडीत आणि मी अगदी टॉवरच्या पायथ्याशी, असे तिघांनी एकाच मिनिटाला चाचणी घेतली. मी टॉवरपासून पन्नास पावलांवर उभी होते, सिग्नल याहून चांगला असूच शकत नव्हता, आणि वेग ०.८ दाखवत होता. तिन्ही दिशांना एकच गत होती. गर्दी केवळ आमच्या दिशेची असती, तर उरलेल्या दोन दिशांपैकी एखादी तरी बरी निघायला हवी होती. म्हणजे अडचण टॉवर आणि फोन यांच्यामध्ये नसून टॉवरच्या मागे, त्याला जिथून डेटा मिळतो तिथे असावी, असे आम्हाला वाटू लागले.

कंपनी बदलून पाहण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. १९०० वर पोर्ट आणि आपला नंबर लिहून संदेश पाठवला की कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो आणि त्या मुदतीत नव्या कंपनीकडे अर्ज करायचा असतो. पण मी आधी दुसऱ्या कंपनीचे एक जादा सिम घेऊन पाहिले. त्याला खळ्यात बरा वेग मिळाला, परंतु जांभ्याच्या भिंती ओलांडून ते माजघरात टिकेना. २३०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या लहरी भिंतीत लवकर अडतात. ८५० किंवा ९०० च्या लहरी आतपर्यंत पोहोचतात, पण कंपन्यांकडे त्या पट्ट्यात जागा थोडी असते. शिवाय माझा हा नंबर साठ-सत्तर व्यापाऱ्यांकडे आहे आणि वाडीतली बहुतेक घरे याच कंपनीवर आहेत. मी निघून गेले असते तरी त्यांचा प्रश्न तसाच राहिला असता.

अनेकांना ठाऊक नसते म्हणून पुढचा टप्पा नीट सांगते. तक्रारीचे समाधान झाले नाही, तर प्रत्येक दूरसंचार कंपनीत अपील प्राधिकरण असते. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनी ही दुसरी पायरी ग्राहकाला दिली आहे. अपील ३० दिवसांच्या आत करायचे असते, त्याला शुल्क नसते आणि ३९ दिवसांत त्याचा निर्णय व्हावा लागतो. ६ नोव्हेंबरला मी ईमेलने अपील पाठवले. त्यात दहा तक्रार क्रमांक, चौदा दिवसांचा तक्ता, तीन दिशांच्या चाचण्या आणि "तक्रार सोडवली" या संदेशाचे छायाचित्र एवढेच जोडले. ब्रॉडबँडच्या व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग धरला जातो, याचाही उल्लेख केला. ती व्याख्या मोबाइलवरील वेगाची हमी नव्हे, याची मला कल्पना होती, म्हणून ती हमी असल्याचा दावा मी केला नाही. रोज संध्याकाळी चार तास आम्ही त्या व्याख्येच्याही खाली असतो, एवढेच मांडले. १२ डिसेंबरला उत्तर आले की आपल्या भागात कव्हरेज समाधानकारक आहे. तक्रार वेगाची होती आणि उत्तर कव्हरेजचे होते. तो ईमेल मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा निराश झाले.

१८ डिसेंबरला केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून मी तक्रार दाखल केली. कंपनीची तक्रार आणि अपील या दोन्ही पायऱ्या आधी चढलेल्या असणे तिथे गरजेचे असते, आणि माझ्याकडे दोन्हींचे पुरावे होते. या पोर्टलवर निपटाऱ्यासाठी आता २१ दिवसांची मुदत आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी एक जीप वाडीत आली आणि कंपनीचे दोन अभियंते फोन व लॅपटॉप घेऊन खळ्यात उतरले.

त्यांतले वयाने मोठे असलेले अभियंता माझी वही बराच वेळ चाळत बसले. मग त्यांनी सड्यावरच्या टॉवरकडे बोट करून त्याच्या मधल्या भागातली गोल पांढरी तबकडी दाखवली. आमच्या टॉवरपर्यंत जमिनीतून फायबर आलेलेच नव्हते. समोरच्या डोंगरापलीकडील टॉवरवरून मायक्रोवेव्हने, म्हणजे हवेतून येणाऱ्या लहरींनी, जेवढा डेटा येईल तेवढाच तिन्ही दिशांना वाटला जात होता. ही जोडणी झाली त्या काळात लोक फोनवर बोलत आणि थोडे संदेश पाठवत, तेव्हा ती पुरत होती. आता घराघरांत व्हिडिओ चालतात, मुलांचे वर्ग चालतात, आणि वाट मात्र तेवढीच. मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात, तेव्हा जोडणी तुटू नये म्हणून उपकरण स्वतःच कमी वेगावर येते; पावसाळ्यात दुपारीसुद्धा नेट का मरते, याचे उत्तर मला तिथे मिळाले. मी त्यांना फाइव्ह-जीबद्दल विचारले, कारण १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ही सेवा सुरू झाल्यापासून आमच्याकडे काहींनी त्या आशेवर नवे फोन घेतले होते. ते म्हणाले, "अँटेना उद्या बसवता येईल मॅडम, पण मागची वाट हीच राहिली तर तुम्हाला फक्त वर फाइव्ह-जी लिहिलेलं दिसेल." त्यांच्या या सरळ उत्तराबद्दल मला आजही आदर वाटतो.

फेब्रुवारीत टॉवरपर्यंत फायबर नेण्याचे काम मंजूर झाल्याचे कळवण्यात आले. रस्त्याच्या कडेने चर खणायला परवानगी लागते. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल टाकण्यासाठी जागा वापरू देण्याचे, नवे केंद्रीय नियम लागू झाले असले, तरी प्रत्यक्षात रस्ता कोणाचा, मोरी कोणाची आणि कुंपण कोणाचे हे जागेवर जाऊनच ठरते. एका ठिकाणी चर आमच्या शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेच्या कडेने जाणार होता. वहिनींनी दोन झाडांची मुळे वाचवून चर वळवायला सांगितला आणि मुकादमाने ते ऐकले. खणायला सुरुवात होईपर्यंत एप्रिल संपत आला. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला आणि त्याआधीचे काही दिवसही पावसातच गेले होते. जांभ्यात खणलेला चर पाण्याने भरला, सुमारे दीडशे मीटर काम राहिले आणि आता दिवाळीपर्यंत थांबावे लागणार, असे सगळेच म्हणू लागले. मी पोर्टलवरील जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन पुन्हा लिहिले. शेवटी राहिलेला तुकडा खांबांवरून वरच्या वर नेण्यात आला आणि १४ जूनच्या रात्री टॉवर फायबरवर आला. रात्री नऊला मी त्याच खळ्यात, छत्री धरून, चाचणी घेतली: सिग्नल उणे ८५, वेग १९. फाइव्ह-जीच्या अँटेना त्यानंतर महिन्याभराने बसल्या. माझा फोन फोर-जीचाच असून मला त्याची अडचण जाणवलेली नाही.

खरी परीक्षा गणपतीत होणार होती. २०२५ मध्ये गौरीपूजन १ सप्टेंबरला आले. वाडीतले एकही घर बंद नव्हते, आरत्या आटोपल्यावर जो तो फोन घेऊन ओटीवर बसला होता, आणि रात्री नऊला वहीत ११ हा आकडा पडला. त्यानंतर दहा दिवसांनी, ११ सप्टेंबरला, त्या घाऊक व्यापाऱ्यांचे विवरण मी दुपारीच दाखल केले आणि त्यांना पोचपावती पाठवली.

एक दोष मात्र राहिला आहे. लाईट गेली की टॉवरची बॅटरी सुमारे दोन तास टिकते आणि जनरेटर वेळेवर चालू झाला नाही तर टॉवरच बंद पडतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट त्याहून जास्त वेळ जाते. जुलैपासूनच्या अशा नऊ वेळा, लाईट गेल्याची आणि टॉवर बंद पडल्याची वेळ मिनिटांसह, मी वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवल्या आहेत. १९८ वर तक्रार नोंदवून झाली आहे आणि अपिलाचा मसुदा तयार आहे.