७-१ मधल्या तोफा : माझा अनुभव

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा व्हिडिओ गेम मी मागच्या पावसाळ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण केला. आठ वर्ल्डच्या मिळून ३२ लेव्हल मी मधली एकही चोरवाट न घेता पार केल्या. त्यांपैकी बहुतेक लेव्हलबद्दल मला काही सांगायचे नाही. ७-१, म्हणजे सातव्या वर्ल्डमधली पहिली लेव्हल, या एका लेव्हलने मात्र माझ्या अकरा संध्याकाळी घेतल्या आणि तिथल्या तोफांबद्दलचा माझा राग अजून पुरता निवळलेला नाही. कोणी हाच खेळ पुन्हा काढून बसले असेल, तर त्याच्या निदान काही संध्याकाळी वाचाव्यात म्हणून हे लिहीत आहे.

माझे माहेर ठाण्यात, नौपाड्यात. १९९४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत वडिलांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला आणि त्या कॅसेटमधला मारिओ दादा आणि मी आळीपाळीने खेळू लागलो. ४-२ मध्ये वेलीवरून वर गेले की थेट आठव्या वर्ल्डला नेणारा नळ मिळतो, हे दादाला शाळेतल्या मित्राकडून कळले होते. त्यामुळे पाचवे, सहावे आणि सातवे वर्ल्ड आम्ही कधी पाहिलेच नाही. आमचा खेळ दरवेळी ८-२ मध्ये संपायचा, आणि संपवायची ती तोफच. खेळाच्या शेवटी जिला सोडवायचे असते त्या राजकन्येपर्यंत आम्ही दोघेही कधी पोहोचलो नाही. गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरून ते खोके निघाले आणि दादाने ते ऐरोलीला माझ्याकडे आणून दिले. रिमोटचे उडी मारायचे बटण अडकत होते. दुरुस्तीच्या दुकानाने ते तीन आठवडे ठेवून घेतले आणि शेवटी पाच मिनिटांत साफ करून दिले. तोफ लहानपणी आडवी आली होती, म्हणून या वेळी आडवाटेने जायचे नाही, असे मी ठरवले.

पहिली चार वर्ल्ड चार दिवसांत झाली. बोटांना सगळे आठवत होते.

तोफ प्रथम भेटते ती ५-१ मध्ये. इंग्रजीत तिला बिल ब्लास्टर म्हणतात आणि तिच्यातून सुटणाऱ्या, डोळे आणि वळलेल्या मुठी असलेल्या काळ्या गोळीला बुलेट बिल. जपानीत त्या गोळीचे नाव किलर असे आहे. आम्ही तोफ आणि गोळी एवढेच म्हणायचो. गोळीच्या डोक्यावर उडी मारली की ती खाली पडते, पण फूल घेऊन मिळवलेल्या आगीचा तिच्यावर परिणाम होत नाही. तोफेवर तर कशाचाच होत नाही. आगीचे गोळे तिच्यावर आपटून विझतात. काही क्षण अजिंक्य करणारा स्टार अंगात असला तर गोळ्या मरतात, तोफ मात्र जागच्या जागी राहते. या खेळात ती शत्रूंच्या यादीत मोडतच नाही. जमीन आणि विटा ज्या साहित्याने रचल्या आहेत, त्याच साहित्याने तीही रचलेली आहे. तिच्यावर उभे राहता येते, तिला वळसा घालता येतो, पण तिला संपवता येत नाही. मालिकेतल्या पुढच्या खेळांतही ती पुन्हा पुन्हा येते, आणि १९८८ च्या तिसऱ्या भागात तर हवेत तरंगणाऱ्या जहाजांवर तिच्या रांगा लावलेल्या आहेत.

५-१ मधली तोफ मी सहज ओलांडली आणि तिथेच माझा गैरसमज झाला. मला वाटले की तोफ हा प्रकार मला जमला.

७-१ सुरू होते ती तोफांनीच. एक ओलांडावी तर पुढे दुसरी उभी. काही बुटक्या, काही उंच, काही एकमेकींच्या इतक्या जवळ की उडी मारून खाली कुठे उतरायचे हेच कळत नाही. पहिल्या संध्याकाळी मी मोजून सतरा वेळा मेले. मी दुरून अंदाज घेत थांबायचे, गोळी सुटली की उडी मारायचे आणि पुन्हा मागे सरून थांबायचे. लहानपणी ८-२ मध्ये आम्ही हेच करत होतो. दोन गोळ्यांमध्ये किती वेळ जातो, हे मी मनात आकडे म्हणत मोजून पाहिले, पण तो वेळ दरवेळी वेगळा येई. चौथ्या संध्याकाळी मी वहीत नोंदी करायला घेतल्या आणि सातव्या संध्याकाळी ती वही चिडून बाजूला टाकली, कारण तिच्यात कोणतीही संगती लागत नव्हती. माझा मुलगा दहावीत आहे. अभ्यास संपवून तो मागे येऊन उभा राहायचा. “आई, आज पुरे कर ना,” असे तो दोनदा म्हणाला. मी त्याला ओरडले, याचे मला आजही वाईट वाटते.

संगती लागत नव्हती, कारण ती नाहीच. या खेळाचा प्रोग्राम जाणकारांनी ओळीनओळ उलगडून ठेवला आहे आणि मुलाने मला त्यातला तोफेचा भाग शोधून दिला. तोफ कधी डागायची हे घड्याळाने ठरत नाही. प्रोग्राम दर क्षणी एक यादृच्छिक आकडा काढतो आणि त्यावरून ते ठरवतो. पाचव्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलपासून पुढे हा आकडा निवडण्याची पद्धतच बदलते आणि तोफा पूर्वीपेक्षा जास्त वेळा डागू लागतात. ५-१ मधली तोफ आणि ७-१ मधली तोफ दिसायला एकच आहेत, पण वागायला वेगळ्या आहेत. हे खेळात कुठेही सांगितलेले नाही. तोफेचा रंग बदलला असता तरी माझ्या लक्षात आले असते. हे न सांगणे मला अन्यायाचे वाटते आणि माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

आठव्या संध्याकाळी जे घडले ते मात्र मला कोणी वाचून दाखवलेले नव्हते. एका तोफेला अगदी चिकटून मी पुढच्या तोफेची गोळी जाण्याची वाट पाहत थांबले होते. गोळी गेली, दुसरी आली, तीही गेली. पाठीशी असलेली तोफ मात्र एकदाही डागली नाही. मी मुद्दाम तशीच थांबून राहिले, तरी ती गप्प होती. मग मी तिच्या डोक्यावर चढून उभी राहिले, तेव्हाही ती गप्पच होती. नंतर प्रोग्राममध्ये त्याचे माप सापडले: मारिओ तोफेच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला ४० पिक्सेलच्या आत, म्हणजे साधारण अडीच विटांच्या अंतरात असेल, तर ती तोफ गोळी सोडत नाही. लहानपणापासून मी तोफेपासून जितकी लांब राहत होते, तितकी तिला संधी देत होते.

त्यानंतर माझे खेळणेच बदलले. गोळी डोक्यावरून गेली की धावत जाऊन तोफेला भिडायचे, तिच्यावर चढायचे, तिथे उभे राहून पुढचे पाहायचे आणि पुढच्या तोफेकडे उडी मारायची. मात्र तोफ ओलांडून अडीच विटा पुढे गेले की तीच तोफ आता पाठीत गोळी घालू शकते. नवव्या आणि दहाव्या संध्याकाळी मी बहुतेक वेळा अशीच मेले. त्यावरचा उपायही आकड्यांतच आहे. गोळीचा वेग आणि मारिओच्या चालण्याचा कमाल वेग अगदी सारखा आहे, तर धावण्याचा वेग त्याहून बराच जास्त आहे. धावण्याचे बटण दाबून ठेवले, तर मागून सुटलेली गोळी आपल्याला कधीच गाठू शकत नाही. थबकले की मात्र ती गाठते. तोफांच्या मिळून एका वेळी तीनपेक्षा जास्त गोळ्या पडद्यावर येत नाहीत, हेही माहीत असलेले बरे. तीन दिसल्या की नवी गोळी लगेच येणार नाही, एवढा धीर त्यातून मिळतो.

इथे एक गोष्ट आठवली, जी खरे तर आधी सांगायला हवी होती. मशरूम खाऊन मोठे झालेले असणे ७-१ मध्ये प्रत्येक वेळी फायद्याचे नसते. दोन विटा उंच तोफेची गोळी लहान मारिओच्या डोक्यावरून निघून जाते, मोठ्याला मात्र खाली वाकावे लागते, आणि वाकण्याच्या गडबडीत धावणे थांबते.

अकराव्या संध्याकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी ७-१ च्या शेवटचा झेंडा उतरवला. मधल्या हातोडेवाल्या कासवांच्या जोडीशीही मी लढत बसले नाही. ते दोघे वर उडाले तेव्हा त्यांच्या खालून पळाले. मी इतक्या मोठ्याने ओरडले की मुलगा वही घेऊन बाहेर आला.

आणखी दोन गोष्टी. सगळे जीव संपल्यावर पहिल्या पडद्यावर उडीचे बटण दाबून ठेवून स्टार्ट दाबले, तर ज्या वर्ल्डमध्ये मेलो त्याच्या पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो. हे नसते तर मला दरवेळी १-१ पासून यावे लागले असते. दुसरी गोष्ट नव्या टीव्हीची. आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मगच ते दाखवतात, त्यामुळे बटण दाबणे आणि उडी दिसणे यांत किंचित उशीर होतो. सेटिंगमधला ‘गेम मोड’ चालू केला की तो बराच कमी होतो. मी तो पाचव्या संध्याकाळी चालू केला. पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

आठव्या वर्ल्डमध्ये मेल्यावर लेव्हलच्या मधून पुन्हा सुरू होण्याची सोय नाही, प्रत्येक लेव्हल मुळापासून करावी लागते. तरीही ८-२ मला दुसऱ्याच प्रयत्नात साधली. त्या रविवारी दादा ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने आला. मी राजकन्येपर्यंत पोहोचले होते, पण त्याने शेवट दाखव असे म्हटलेच नाही. रिमोट हातात घेऊन तो ८-२ च्या तोफेला भिडला आणि तिच्या डोक्यावर चढून थांबला. “डागत नाहीये गं,” तो म्हणाला. वर उजवीकडचा वेळ संपून मारिओ मेला, तरी त्याने तोफ सोडली नाही.